किल्ल्यांचा जुडगा वाजला म्हणजे मशीन चांगलं असं नव्हे!

किल्ल्यांचा जुडगा. पुन्हा तोच किल्ल्यांचा जुडगा! अलीकडेच तासगाव भागातल्या एका बेदाणा युनिटला कन्व्हेयरचा जुना मेटल डिटेक्टर (बेल्टवरून जाणाऱ्या मालातला धातूचा तुकडा पकडून बेल्ट थांबवणारं मशीन) विकताना विकणाऱ्यानं खिशातून जुडगा काढला, बेल्टवर टाकला, मशीन वाजलं, बेल्ट थांबला. "बघा मालक, चालू कंडिशन." एवढ्यावर व्यवहार झाला, पैसे मोजले गेले, टेंपो रिकामा होऊन निघूनही गेला. अहो, मूठभर लोखंड आणि पितळ मशीनच्या तोंडातून, म्हणजे माल जातो त्या खिडकीतून, गेल्यावर निम्मं मेलेलं मशीनही वाजतं! बेदाण्यात किल्ल्या येत नाहीत. येतो तो शेडच्या रॅकच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारेचा नखाएवढा तुकडा, चाळणीच्या जाळीची तुटकी काडी, नाहीतर स्टेपलरची पिन. त्यातलं काय सापडतंय हे कुणीच बघितलं नाही.

तीन दिवस मशीन चाललं. चौथ्या दिवशी रात्रभर लाईट नव्हती. सकाळी चालू केलं तर सगळं सेटिंग साफ उडालेलं. बेदाण्याचा प्रोग्रॅम नाही, फेज (मालाचा स्वतःचा सिग्नल बाजूला काढायचं सेटिंग) नाही, बेल्टचा वेग नाही. कारण अगदी साधं. कार्डावरचा, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डावरचा, मेमरीचा लिथियम सेल संपलेला. दोनशे-तीनशे रुपयांचा सेल! सोल्डर करून बसवायला दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं कार्डाचा सप्लाय चालू ठेवला तर काही उडतही नाही. पण एकदा उडालं की फॅक्टरी सेटिंगवर बेदाणा चालत नाही. त्यात पंधरा-सोळा टक्के ओल आणि वर साखर, त्यामुळे माल स्वतःच सिग्नल देतो. प्रत्येक ढिगाला बेल्ट थांबायला लागला. फेज नव्यानं लावायची तर सर्व्हिस मेनूत जावं लागतं, आणि सर्व्हिस मेनू पासवर्ड मागतो.

म्हणून कंपनीला फोन. त्यांनी आधी सिरियल नंबर विचारला. दोन मिनिटं शांतता, मग उत्तर आलं, "हे मॉडेल ऑब्सोलीट झालंय, सपोर्ट बंद आहे." ठीक आहे, माणूस पाठवू नका, पासवर्ड तरी सांगा. "पॉलिसीत बसत नाही." मॅन्युअलची पीडीएफ? "तुम्ही ओरिजिनल कस्टमर नाही." पैसे देतो, व्हिजिट चार्ज आगाऊ भरतो, कुणीतरी या. "आमच्या सिस्टीममध्ये या सिरियलचा कॉलच उघडत नाही." आणि फोन ठेवून पंधरा मिनिटं होत नाहीत तोच मेलवर नव्या मॉडेलचं कोटेशन! सहा ओळींचं मॅन्युअलचं पान पाठवायला पॉलिसी आडवी येते, आणि कोटेशन मात्र पंधरा मिनिटांत येतं. याचा संताप येणार नाही तर काय होणार?

स्पेअर संपतात, हे मान्य आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीचा डिस्प्ले बनत नसेल, प्रोसेसर बंद झाला असेल, कारखान्यानं जुने साचे मोडले असतील. पण पासवर्ड संपतो का? त्याला गोडाऊन लागत नाही, आयात करावा लागत नाही. चार आकडे सांगायचे असतात. त्या मशीनचं हेड, म्हणजे माल ज्यातून जातो ती कॉईल बसवलेली चौकट, आजही शाबूत आहे. कॉईल बॅलन्समध्ये आहेत (धातू नसताना दोन बाजूंचे सिग्नल एकमेकांना खोडतात), लायनरला, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराला, तडा नाही, स्टेनलेसच्या बॉडीवर ओरखडासुद्धा नाही. ते मशीन बिघडलेलं नाही, ते कुलूप लावून ठेवलंय. आणि कुलपाची किल्ली ज्याच्याकडे आहे तो म्हणतो, नवीन घर घ्या.

तक्रार करायची तर कुठे? राईट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, सरकारी पोर्टल २०२२ च्या डिसेंबरात आलं. शेतीची अवजारं, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू, वाहनं अशी त्यात चार क्षेत्रं. बेदाणा निवडणाऱ्या पट्ट्यावरचं मशीन यातल्या कशात बसवायचं? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, पण त्यात धंद्यासाठी घेतलेला माल वगळलेला. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतल्याचं सिद्ध केलं तर सूट आहे, पण वीस बायका कामाला असलेल्या युनिटनं ते सिद्ध करायचं कसं? सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला म्हणून सगळे सत्कार घेतात. तो माल ज्या मशीनमधून जातो त्याच्या दुरुस्तीबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही.

आणि जुन्या मशीनचा बाजार म्हणजे तर काय बोलावं! २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात बुडालेली मशीनं अजून फिरतायत. बाहेरून बफ मारून चकाचक केलेली असतात. पॅनेल उघडा, खालच्या कोपऱ्यात टॉर्च मारून बघा, डीन रेलच्या (स्विच-रिले बसवायच्या पट्टीच्या) मागे बोट फिरवा. बोटाला बारीक पिवळसर गाळ लागला की ते कृष्णेचं पाणी प्यायलेलं मशीन आहे. टर्मिनलच्या स्क्रूवर हिरवं चढलं असेल तर दुसरा पुरावा नको. कार्ड धुता येतं, वाळवता येतं. हेड वाळवता येत नाही, कारण कॉईल रेझिनमध्ये ओतून बसवलेल्या असतात. लायनरच्या केसाएवढ्या तड्यातून एकदा ओल आत शिरली की सकाळी बॅलन्स एक आणि दुपारी उन्हात दुसराच. ते रेझिन फोडून कॉईल पुन्हा गुंडाळून देतो म्हणणाऱ्याला दारातून परत पाठवा. मधली ट्रान्समीटर कॉईल आणि दोन बाजूंच्या रिसीव्हर कॉईल यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या बारीक भागानं चुकलं तरी बॅलन्स येत नाही.

दुसरी लबाडी म्हणजे एका मशीनचं हेड आणि दुसऱ्याचं कार्ड. ट्यूनिंगचे कपॅसिटर त्या-त्या हेडला जुळवलेले असतात. म्हणून हेडवरच्या प्लेटचा सिरियल नंबर आणि स्क्रीनवर दिसणारा नंबर ताडून बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. प्लेट खरवडलेली असेल तर पुढं बोलायचंच नाही. आणि काही कार्डांवरच्या आयसीचे नंबर कारखान्यातच घासून येतात, ते करणाऱ्यांचाही मला तितकाच राग आहे. दहा रुपयांचा ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप) कुठला हे इथल्या फिटरला कळू नये एवढ्यासाठी हा उद्योग!

जुडगा खिशात ठेवायला सांगा आणि टेस्ट पीस, म्हणजे ठराविक मापाची धातूची गोळी बसवलेला तुकडा, मागा. सुटा माल जाणाऱ्या कमी उंचीच्या तोंडाला लोखंड १.५ मिमी, पितळ २ मिमी आणि स्टेनलेस ३१६ ची २.५ मिमी गोळी सापडायला हवी. पेटी जाईल एवढं मोठं तोंड असेल तर तेवढी बारीक गोळी सापडणार नाही, तिथं गोळीचा आकार वाढवून घ्या. गोळी तोंडाच्या मधोमध न्या. विकणारा ती कडेनं, लायनरला घासून नेतो, कारण कडेला मशीन सगळ्यात तिखट असतं आणि मध्यभागी सगळ्यात मंद. गोळीवर थांबूही नका, तारेचा तुकडा आडवा-उभा दोन्ही दिशांनी टाका. लोखंडी तार बेल्टच्या दिशेत असली की पटकन सापडते आणि आडवी असली की निसटते, स्टेनलेसचं नेमकं उलटं. चाचणी रिकाम्या बेल्टवर नको, आपल्या मालाबरोबर हवी, तीही दोनदा. एकदा कोल्ड स्टोरेजमधून नुकत्याच काढलेल्या थंड बेदाण्यावर आणि एकदा खोलीच्या तापमानाच्या. दोन्हींचा सिग्नल वेगळा येतो, आणि एकाच सेटिंगवर दोन्ही चालवले की खोटे रिजेक्ट, म्हणजे धातू नसताना बेल्ट थांबणं, सुरू होतात.

मग अर्धा तास नुसतं चालू ठेवा. हेडवर तळहातानं थापा मारा. थाप मारली आणि वाजलं तर आत काहीतरी सुटलंय. शेजारची मोटर ड्राईव्हवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्रावर) चालवून मशीन उगाच वाजतं का बघा. अर्थ आणि न्यूट्रलमध्ये दोन व्होल्टच्या वर दिसलं तर आधी अर्थिंग सुधारा, मशीनला दोष नंतर द्या. बेल्टच्या सांध्यात धातूची क्लिप नको, काळा अँटीस्टॅटिक पट्टा नको. तोंडाच्या उंचीच्या दीडपट अंतरापर्यंत स्थिर लोखंड नको आणि दुपटीपर्यंत हलणारं नको. एका बाजूचे रोलर फ्रेमपासून इन्सुलेट केलेले असावेत, नाहीतर फ्रेममध्ये करंटचा फेरा तयार होतो आणि दर काही मिनिटांनी कारण नसताना बेल्ट थांबतो. मग कुणीतरी शहाणा येतो आणि सेन्सिटिव्हिटी कमी करून देतो. त्या माणसाला मशीनच्या जवळ उभं करू नका! वाजायचं थांबलं म्हणजे दुरुस्त झालं असं त्याला वाटतं, आणि तार मालाबरोबर पॅकिंगमध्ये जाते. तसाच तो वेल्डर, जो हेडला लागून असलेल्या फ्रेमवर अर्थचा क्लॅम्प लावून टाके मारतो. एका टाक्यात कार्ड जातं, आणि जुन्या मॉडेलचे स्पेअर संपतात हे आता सांगून झालंय.

सगळ्यात शेवटी, आणि पैसे द्यायच्या आधी, मेन स्विच बंद करून मशीन रात्रभर तसंच ठेवायला सांगा. सकाळी जाऊन चालू करा. सेटिंग टिकलं तर सेल जिवंत. विकणाऱ्याकडून सर्व्हिस मेनूचा पासवर्ड घ्या आणि तो आपल्या हातानं टाकून मेनू उघडून बघा. प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा, फेज, फ्रिक्वेन्सी, गेन सगळं. पासवर्ड नाही म्हणाला तर भंगाराच्या वजनानं भाव बोला.

त्या बेदाणा युनिटमध्ये काम अडून आज पाचवा दिवस आहे. मशीन पट्ट्यावर जागच्या जागी उभं आहे, स्क्रीनवर चार रिकामे चौकोन लुकलुकतायत. शेजारी बायका परातीत माल पसरून हातानं चुंबक फिरवतायत. जीआय तारेचे तुकडे चुंबकाला येतात. चाळणीच्या स्टेनलेसची काडी चुंबकाला धड चिकटत नाही, ती डोळ्यांनीच शोधावी लागते, आणि बेदाण्याच्या रंगात ती दिसत नाही.