चिरुटाला भडाग्नी

मराठी घरात विस्तव करायची साधनं किती असतात, हे सिगार पेटवायची वेळ आल्याशिवाय कळत नाही. आणि त्यातलं एकही सिगारला चालत नाही, हेही तेव्हाच कळतं.

माझा मेहुणा दुबईला असतो. येताना तो खजूर आणि अत्तर आणायचा तोवर आमचे संबंध उत्तम होते. या पावसाळ्यात अंबरनाथला, सासुरवाडीत, त्याने माझ्या हातात एक सिगार ठेवला. एकच, पण चांगला अंगठ्याएवढा जाड. मी सिगार ओढत नाही. पण "जिजू, खास तुमच्यासाठी" म्हटल्यावर जावयाला नाही म्हणता येत नाही, अशी आपल्याकडची रीत. सिगार आला, मात्र तो पेटवायचा टॉर्च लायटर विमानतळावर सुरक्षातपासणीत काढून घेतला होता.

"त्यात काय, काडी ओढू आणि लावू," मी म्हणालो. मेहुण्याने डोळे मिटून घेतले. मग मला समजावून सांगण्यात आलं की सिगारमध्ये ज्योत ओढली जाते, त्यामुळे ज्योतीत जे काही जळत असेल ते तंबाखूत जाऊन बसतं आणि शेवटच्या झुरक्यापर्यंत उठत नाही. म्हणून देवघरातलं निरांजन बाद, तुपाचा वास आणि वर काजळी. मेणबत्ती बाद, मेण. कापराचं तर नाव काढू नका. उदबत्तीला ज्योतच नाही, आणि मोगऱ्याचा सिगार कोणाला हवाय? शेजारच्या काकांकडे पेट्रोलवर चालणारा जुना लायटर होता, तो त्यांनी आपणहून आणून दिला. मेहुण्याने तो दुरूनच हुंगून साभार परत केला.

राहिला स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर. भारतातल्या कोट्यवधी घरांत ही वस्तू लायटर म्हणून मिरवते आणि तिला गॅस सोडून काहीही पेटवता येत नाही. खटका दाबला की आतली हातोडी एका खड्यावर आपटते, त्या दाबाने वीज तयार होते, टोकाशी निळी ठिणगी उडते आणि नोकरी संपते. मी तरी दोनदा खटखट करून पाहिलंच. तंबाखूवर ढिम्म परिणाम नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, "तो ओला करू नका हं, आधीच पावसाळ्यात धड चालत नाही."

सिगारवाल्यांच्या जगात मान्यता फक्त तिघांना: वास नसलेल्या ब्युटेन वायूचा लायटर, लांब लाकडी काडी आणि सीडरच्या लाकडाची पट्टी. तिन्ही पंथ एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि माझ्या दुर्दैवाने तिन्ही पंथ त्या दिवशी एकाच हॉलमध्ये बसले होते.

काडीच्या पंथाचे धुरीण म्हणजे माझे सासरे. त्यांची उभी हयात विमकोत गेली. १९२३ साली स्वीडिश लोकांनी काढलेली ही काडेपेटीची कंपनी. अंबरनाथकरांना आजही पत्ता सांगताना विमको नाका लागतो. बाबांच्या मते माणसाने अग्नीचा शोध लावला ही गोष्ट किरकोळ आहे. खरा शोध म्हणजे तो अग्नी दोन जागी वेगळा काढून ठेवणं. पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक काडीच्या गुलात, लाल फॉस्फरस पेटीच्या बाजूला. दोघं भेटल्याशिवाय भडका नाही. "म्हणून ती सेफ्टी मॅच, जावईबापू. नाहीतर पूर्वीची काडी खिशातल्या खिशात पेटायची."

"पण बाबा, गंधक," मेहुणा म्हणाला.

"गूल जळेपर्यंत थांबायचं. फुरर्र झालं, गंधक गेलं. मग उरतं ते नुसतं लाकूड." हे मात्र खरं आहे, मेहुण्यालाही मान्य करावं लागलं. फक्त सिगारसाठी मिळणारी काडी चांगली लांब असते आणि आपली काडी गूल जळून शुद्ध होईपर्यंत निम्मी संपलेली असते. उरलेल्या निम्मीत सिगारचं अंगठ्याएवढं तोंड भाजायचं, तेही बोटं न भाजता. शिवाय हल्ली दुकानात बऱ्याचदा मेणकाडी मिळते, ती तर मेणबत्तीचीच पुतणी. बाबांनी कपाटातून लाकडी काडीच्या पेट्या काढल्या. २०२१ च्या डिसेंबरात पेटी एक रुपयाची दोन रुपयांना झाली, तेव्हा त्यांनी आदल्या दिवशी भरून ठेवल्या होत्या.

जुलैच्या अंबरनाथात त्या पेट्यांचं काय झालं असेल ते कोकणपट्टीतल्या माणसाला सांगायला नको. सिगारला म्हणे ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते, त्यासाठी लोक खास पेट्या विकत घेतात. आमच्या हॉलमध्ये ती फुकटात नव्वदीच्या घरात होती. सिगार खूश होता, काड्या रुसल्या होत्या. बाबांनी एक काडी घेतली, डोक्यावरच्या उरल्यासुरल्या केसांत गूल हळूहळू घासलं, फुंकर मारली, पुन्हा घासलं, आणि पेटीवर ओढली. गुलाचा मऊ लगदा पेटीच्या कडेला एक तपकिरी रेघ ओढून मोकळा झाला. "केस विरळ झाल्यामुळे होतंय," ते म्हणाले. मग सासूबाईंचा अंबाडा मागण्यात आला. तो मिळाला नाही.

तेवढ्यात मेहुण्याने इतिहास काढला. लायटर काडीपेक्षा वयाने मोठा आहे! डोबरायनर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८२३ मध्ये हायड्रोजन आणि प्लॅटिनमवर चालणारा दिवा केला. घासून पेटणारी काडी इंग्लंडात जॉन वॉकरने विकायला काढली ती १८२७ मध्ये. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. चार वर्षांचं ते अंतर त्यांना फार लागलं असावं. शेवटी म्हणाले, "मग तुझा लायटर आत्ता कुठे आहे?" वाद तिथे संपला, असं मला वाटलं.

सीडरचा पंथ सासूबाईंनी नकळत पत्करला. सिगारभोवती कागदाइतकी पातळ लाकडी साल गुंडाळलेली होती, ती त्यांनी वासासाठी नाकाशी धरली होती. ही साल उभी चिरायची, काडीने पेटवायची आणि तिच्यावर सिगार, ही म्हणे खानदानी पद्धत. म्हणजे एक विस्तव लावायला दुसरा विस्तव. या लाकडाला स्पॅनिश सीडर म्हणतात. ते स्पेनचं नाही, सीडरही नाही. झाड अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं आणि कुळाने आपल्या कडुनिंबाचं चुलतभावंड. एवढं कळल्याबरोबर सासूबाई म्हणाल्या, "मग खाली एवढा कडुनिंब उभा आहे!" मेहुण्याला पाणी द्यावं लागलं.

तोडगा काढला माझ्या बायकोने. ती शाळेत विज्ञान शिकवते आणि एवढा वेळ पेपर तपासत बसली होती. "सिलिंडरमध्ये काय असतं? प्रोपेन आणि ब्युटेन. घरात १४.२ किलोचा लायटर आहे आणि तुम्ही खिशातल्या लायटरसाठी रडताय." वादाच्या दृष्टीने हे बिनतोड होतं. गळती कळावी म्हणून त्यात वास मिसळलेला असतो, हा मेहुण्याचा आक्षेप तिने "जळल्यावर कुठला वास?" म्हणून निकालात काढला. पण सिगार तोंडात धरून शेगडीवर ओणवं व्हायचं तर भुवया पणाला लागतात, आणि सासूबाईंनी ओट्याजवळ तंबाखू आणायला सक्त मनाई केली. फक्त सालीची पट्टी पेटवून न्यायची परवानगी मिळाली. ती पेटवून मेहुणा गच्चीकडे धावला. दुसऱ्या मजल्यापर्यंत धूर होता, तिसऱ्यावर नुसता मेहुणा होता.

गच्चीवर वारा. टॉर्च लायटरचं महत्त्व तिथे पटलं. त्यात गॅस जळण्याआधीच हवेत मिसळलेला असतो, ज्योत निळी, जोरकस, हजार अंशांच्या वर तापलेली, आणि ती वाऱ्याला भीक घालत नाही. (तीच ज्योत फार जवळ नेली तर वरचं पान काळं पडून सिगार कडू होतो, असं बाबांनी लगेच ऐकवलं. ही माहिती त्यांना कुठून मिळाली, देव जाणे.) वाऱ्यावर आंध्रच्या किनाऱ्यावरच्या बायकांनी काढलेला उपायही त्यांना ठाऊक होता: चुट्ट्याचं, म्हणजे तिकडच्या गावठी चिरुटाचं, पेटतं टोकच तोंडात धरायचं. गोव्यातही पूर्वी काही जणी तसं ओढायच्या. वाऱ्याची कटकट मिटते, टाळूची लागते. डॉक्टरांनी त्यावर कॅन्सरचे निबंध लिहून ठेवलेत. मी हा मार्ग नाकारला.

शेवटी आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो. बायकोने पेटी तव्याच्या उबेला ठेवून कोरडी करून दिली होती. बाबांनी तीन काड्या एकत्र धरून ओढल्या, गूल फुरफुरून जाऊ दिलं, आणि ज्योत सिगारच्या तोंडाखाली धरली; खाली, बोटभर अंतरावर, टेकवायची नाही. मेहुणा सिगार फिरवत होता. "भरताचं वांगं फिरवतोस तसा फिरव, एका जागी ठेवू नकोस," बायको वरून सूचना देत होती. कडेने बारीक लाल रेघ उमटली, मग ती सरकत सरकत गोल पूर्ण झाली. मेहुण्याने त्यावर हलकी फुंकर घातली. सगळं तोंड एकसारखं लाल झालं. काळा डाग नाही, एका अंगाने जळणं नाही. बाबांचे डोळे पाणावले; धुरानेही असेल.

"घ्या जिजू, पहिला झुरका तुमचा."

मी ओढला. काही आलं नाही. जोर लावून ओढला, गाल आत गेले, कानात दडे बसले. सिगार भिंतीसारखा गप्प. बाबांनी ओढून पाहिला, मग मेहुण्याने. मग मेहुण्याने सिगारचं मागचं टोक नीट निरखलं आणि अतिशय हळू आवाजात म्हणाला, "हे पेटवायच्या आधी कापायचं असतं."

त्याचा कटरही लायटरच्याच तपासणीत गेला होता.

वर दार उघडलं. सासूबाई पायऱ्या उतरून खाली आल्या. हातात पितळी अडकित्ता होता. "द्या इकडे," म्हणाल्या, आणि पेटता सिगार डाव्या हातात घेऊन विचारलं, "सपाट कातरू की मध्ये खाच पाडू?"

"आई, थांब," मेहुणा म्हणाला, "त्यात दोन मतं आहेत."