उंदराची झोप आणि बागेतली जागरणं

नाशिकच्या आमच्या द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘उंदरांवर सिद्ध झालंय, स्वप्नांची झोप मोडली तरी मेंदू ती व्याजासकट वसूल करतो. सीझनभर जागा, मग दोन दिवस झोपा, हिशोब चुकता.’ खाली अंगठ्यांची रांग. माझा धाकटा भाऊ सध्या रात्रीच्या लाईटवर बागेला पाणी देतोय, म्हणून लिहिल्यावाचून राहवेना.

‘उंदरांवर सिद्ध झालंय.’ प्रयोग खरा आहे. पाण्याच्या टाकीत, पालथ्या कुंडीएवढ्या चौथऱ्यावर उंदराला ठेवतात. साधी झोप तो तिथे बसल्या बसल्या घेतो. पण स्वप्नांच्या, म्हणजे आरईएम झोपेत स्नायू पार सैल पडतात. मान लुळी पडते, नाक पाण्याला लागतं, तो दचकून जागा होतो. पुन्हा डुलकी, पुन्हा पाणी. नंतर कोरड्या पिंजऱ्यात सोडलं की त्याची आरईएम झोप नेहमीपेक्षा कितीतरी वाढते. हाच रिबाउंड. १९६० मध्ये झोपेचे अमेरिकन संशोधक विल्यम डिमेंट यांना तो माणसांतही दिसला: आरईएम लागली की उठवायचं, तर रोज रात्री जास्त जास्त वेळा उठवावं लागलं.

म्हणजे रिबाउंड ही थकबाकीची खूण आहे. ती फिटल्याची पावती नव्हे. शिवाय उंदराला नुसतं जखडून ठेवलं, तरी नंतर त्याची आरईएम झोप वाढते. वाढलेल्या झोपेत ताणाचाही वाटा असतो.

‘व्याजासकट.’ मुद्दलही पूर्ण येत नाही. १९६४ च्या सुरुवातीला रँडी गार्डनर हा सतरा वर्षांचा अमेरिकन मुलगा ११ दिवस जागा राहिला. नंतर पहिल्या रात्री तो साडेचौदा तासांच्या आसपास झोपला आणि थोड्याच दिवसांत नेहमीच्या झोपेवर आला. बुडालेले तास मोजून बघा, ऐंशीच्या पुढे जातात.

‘सीझनभर जागा.’ शिकागोत झोपेचे संशोधक रेक्टशाफेन यांच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात उंदरांची फक्त आरईएम झोप तोडत राहिले. उंदीर जास्त खायचे, तरी वाळत गेले आणि काही आठवड्यांत मेले. माणसाचं तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण मेसेज लिहिणाऱ्याने हे उंदीर गाळले, त्याचा राग येतो.

मेसेजखाली एका दादांनी लिहिलं होतं, ‘पहाटेचे दोन-तीन तासच तर जातात.’ दादा, नेमके तेच महागाचे. गाढ झोप रात्रीच्या सुरुवातीला येते, स्वप्नांची झोप पहाटेकडे दाटते. तीनला मोटार चालू करायला किंवा निफाडच्या थंडीत बागेत शेकोट्या पेटवायला उठलो, तर एकूण झोपेच्या मानाने आरईएमचा वाटा जास्त जातो.

भावाने कालपासून शेजारच्या बागेशी पाळ्या लावल्यात, एक रात्र तो दोन्ही मोटारी बघतो, एक रात्र ते. आज सकाळी साडेसातला फोन केला तर वहिनी म्हणाली, ‘अजून उठले नाहीत.’