पिवळा कागद आणि निळे पत्रे

इंग्लंडात आमच्या घरामागच्या शेताच्या फाटकाला मार्चमध्ये पिवळा कागद लागला: इथे घरं बांधण्याचा अर्ज आलाय, म्हणणं असेल तर २१ दिवसांत कळवा. संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली निसर्गप्रेमी झाली. तळ्यात कधी डोकावून न पाहिलेल्यांनाही न्यूट आठवले. (न्यूट म्हणजे पाण्यातली पालच जणू. त्यातल्या तुरेवाल्या जातीला इथे कायद्याचं कवच आहे.) घराचा भाव पडेल किंवा खिडकीतून दिसणारं शेत जाईल, ही कारणं नियोजन खातं धरत नाही. न्यूट, वटवाघळं धरतं. मग माणूस न्यूटच लिहिणार!

हसू आलं आणि गंमत म्हणून कौन्सिलच्या संकेतस्थळावर आमच्याच वसाहतीची जुनी फाइल उघडली. आम्ही राहतो त्या जमिनीबद्दल एका बाईंनी लिहिलं होतं की इथे चंडोल घरटी करतात. घरं झालीच, पण अशा हरकतींमुळे बिल्डरला एका कडेची झुडपं राखावी लागली, कोपऱ्यात तळं करावं लागलं. माझी मुलगी तिथे बदकं बघत बसते. चंडोल मात्र आठ वर्षांत मी एकदाही ऐकलेला नाही.

पुण्यात बाबांचा विषय एकच, टेकड्या. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे. क्षेत्र ९७८ हेक्टर. तिथे थोडं बांधकाम चालू द्यावं की मुळीच नको, हा वाद मी कॉलेजात होतो तेव्हापासून ऐकतोय. पण टेकडीखालच्या साध्या प्लॉटवर काय येणार, हे शेजाऱ्याला कळतं ते निळे पत्रे ठोकल्यावर. आत पोकलेन, बाहेर जाहिरात: निसर्गाच्या कुशीत.

आणि हे नियमाला धरूनच आहे. २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेने इमारती आणि टाउनशिप यांना जनसुनावणीतून वगळलंय. म्हणजे ज्याच्या दारात पाणी शिरणार, त्याला विचारायचं बंधन नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढा घराघरांत शिरला, तेव्हा ओढ्याची वाट कुणी अडवली यावर महिनाभर चर्चा झाली. आमची सोसायटीसुद्धा एका बुजवलेल्या नाल्यावरच उभी आहे, हे बाबा तेव्हा पहिल्यांदा बोलले.

इंग्लंडाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. हरकती घेऊन घेऊन इथे घरं इतकी महाग करून ठेवलीत की मुलीच्या शाळेतली तरुण शिक्षिका तीन जणींत एक घर भाड्याने घेऊन राहते. त्यामुळे मी विरोध लिहिला नाही. विसाव्या दिवशी दोनच ओळी पाठवल्या: कुंपणाची झुडपं तोडू नका, आणि पावसाचं पाणी कुठे सोडणार ते नकाशावर दाखवा.

बाबांना फोनवर वाचून दाखवल्या. म्हणाले, "दुसरी ओळ मराठीत करून पाठव. पत्ता मी शोधतो."