जागतिक बँकेने पुणं विकत घेतलं म्हणे!

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'मेट्रो, नदी, सगळं जागतिक बँकेच्या कर्जावर. हप्ते तुमच्या मिळकतकरातून. १९९१ साली आपलं सोनं गहाण ठेवून घेणारी हीच बँक. तिला जाब विचारायची कोणाची टाप नाही.' यातलं एकही विधान धड खरं नाही.

आधी सावकार तर नीट ओळखा. मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला कर्ज दिलं युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेने (६० कोटी युरो) आणि फ्रान्सच्या विकास संस्थेने (२४.५ कोटी युरो). मुळा-मुठेच्या मैलापाण्याच्या शुद्धीकरणाचा प्रकल्प 'जायका'चा, म्हणजे जपान सरकारच्या मदतसंस्थेचा.

आता हप्ते. जायकाचं कर्ज काढलं केंद्र सरकारने, जानेवारी २०१६ मध्ये. व्याज ०.३० टक्के, मुदत ४० वर्षं, त्यातली पहिली १० मुद्दल न फेडण्याच्या सवलतीची. मूळ खर्चाच्या ८५ टक्के रक्कम केंद्राने पालिकेला अनुदान म्हणून द्यायची, म्हणजे जपानचं देणं दिल्लीच्या डोक्यावर. येन वधारला तर हे कर्ज तितकं स्वस्त राहणार नाही, ही शंका रास्त. मेसेजवाल्याला ती सुचली नाही. आणि मुठेवरच्या भिडे पुलावर नाक दाबून उभं राहावं लागतं, त्याचा राग जपानवर काढून काय उपयोग? करार २०१६ चा, भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये. मधली वर्षं निविदा-फेरनिविदांच्या घोळात गेली, आणि तो घोळ इथलाच. मेट्रोसाठी मात्र पुणेकर खिशात हात घालतो, तोही फ्लॅट घेताना: मुद्रांक शुल्कासोबत १ टक्का अधिभार. तो राज्य सरकारचा.

सोनं? जुलै १९९१ मध्ये सुमारे ४७ टन गेलं ते बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे. विषय संपला.

राहिली जाब विचारायची गोष्ट. तो विचारला अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीसारख्या गावांतल्या आदिवासींनी. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणासाठी जागतिक बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलर मंजूर केले होते. नर्मदा खोऱ्यातलं आंदोलन वाढलं तशी बँकेलाच प्रकल्प तपासायला स्वतंत्र मोर्स समिती नेमावी लागली. १९९२ च्या तिच्या अहवालाने पुनर्वसनाचे वाभाडे काढले आणि बँकेने प्रकल्पातून अंग काढून घ्यावं असं सुचवलं. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज सोडून दिलं. त्याच वर्षी बाधितांच्या तक्रारी ऐकणारं तपासणी मंडळ बँकेला स्थापावं लागलं. धरण पुढे उभं राहिलंच, पण बँकेच्या उरलेल्या पैशाशिवाय.