टाच सोप्रॉनला तुटली, हिशोब मात्र अमेरिकेतला

आज पुन्हा तेच. "बायकांचं बास्केटबॉल बघतं कोण? आणि पगारवाढ कसली मागतात?" एका क्रीडा-बातमीखाली ही कमेंट आणि तिच्यावर हसणाऱ्यांची ही गर्दी. माझ्या यादीतली मंडळी असं बोलणार नाहीत हे ठाऊक आहे, म्हणून तिथे वाद न घालता इथे लिहितेय.

ब्रिॲना स्टुअर्ट घ्या. उंची सहा फूट चार इंच. कॉलेजात चार वर्षं आणि चारही वर्षं राष्ट्रीय विजेतेपद. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नव्या खेळाडू निवडतात तेव्हा, पहिली निवड, क्लब सिॲटल स्टॉर्म. २०१८ साली डब्ल्यूएनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बायकांच्या व्यावसायिक लीगची, सर्वोत्तम खेळाडू, अंतिम मालिकेतही सर्वोत्तम. त्याच सप्टेंबरात तेनेरिफला वर्ल्ड कप, सुवर्णपदक, तिथेही सर्वोत्तम. एवढं झाल्यावर माणूस काय करेल? महिनाभर पाय वर करून पडून राहील. ही बाई रशियात दिनामो कुर्स्ककडून खेळायला गेली. त्याआधीचे दोन हिवाळे चीनमध्ये, शांघायला.

१४ एप्रिल २०१९, हंगेरीतलं सोप्रॉन. युरोपातल्या क्लबांच्या युरोलीगची फायनल, समोर दुसरा रशियन क्लब, एकातेरिनबर्ग. दुसऱ्या क्वार्टरमध्ये जंप शॉट मारून ती खाली आली ती समोरच्या संघातल्या ब्रिटनी ग्रायनरच्या पायावर. उजव्या पायाची अकिलीस, म्हणजे टाचेमागची कंडरा, तुटली. अमेरिकेतला सीझन महिन्याभरावर आला होता. तो अख्खा गेला.

ही कंडरा पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडते. पोटरी आवळलेली असताना पाऊल अचानक वरच्या बाजूला दुमडलं, की सगळा ताण एका क्षणात तिच्यावर येतो. वर्षानुवर्षं विश्रांतीशिवाय उड्या मारल्या की ती आतून झिजते, बाहेरून पत्ता लागत नाही. स्टुअर्टची झीज होऊनच तुटली असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. दुसऱ्याच्या पायावर उतरलं तर ताजातवाना पायही दगा देतो, मान्य. पण बारा महिने कोर्टवर राहिलं की असे प्रसंग किती वाढतात, ते मोजा ना!

पुढचं काम कंटाळवाणं असतं. तुटलेली टोकं ओढून शिवतात. मग पाऊल खाली झुकलेलं ठेवणारा बूट, आत टाचेखाली पाचरी. त्या एकेक करून काढायच्या, म्हणजे कंडरेवर हळूहळू ताण येतो. घाई केली तर ती लांबलेलीच राहते आणि पोटरीतली उडी परत येत नाही. मग एका पायावर उभं राहून टाच उचलायची. हे जमेपर्यंतच महिने जातात. सामना खेळायला नऊ महिने ते वर्ष.

आता हे पैशाशी कुठे जोडलंय? २०१९ साली डब्ल्यूएनबीएत कमाल पगार होता १ लाख १७ हजार ५०० डॉलर, तोही मुरलेल्या खेळाडूंना. स्टुअर्ट अजून रुकी करारावर (नवख्या खेळाडूच्या पहिल्या करारावर) होती, म्हणजे लीगची सर्वोत्तम खेळाडू असून वर्षाला ६५ हजारांच्या आत. रशियन क्लब याच्या कित्येक पटींनी द्यायचे. डायना टॉरासी या दुसऱ्या अमेरिकन खेळाडूला तर एकातेरिनबर्गने २०१५ साली अमेरिकेतला सीझन न खेळण्याचे पैसे दिले. घरी बस, विश्रांती घे, हिवाळ्यात ताजी होऊन ये! जगातली सगळ्यात मोठी लीग म्हणवणाऱ्यांना याची लाज वाटायला हवी होती. ते रशियन क्लबही धंदा म्हणून चालत नव्हते, धनाढ्य मालकांची हौस होती, हे खरं. पण खेळाडूच्या शरीराची किंमत त्या हौशी मालकांना कळली आणि घरच्यांना कळली नाही, याचं काय करायचं?

आणि ग्रायनर, तिच्याच पायावर स्टुअर्ट उतरली होती, तीही त्याच कमाईसाठी तिथे जात राहिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर अटक, ऑगस्टमध्ये नऊ वर्षांची शिक्षा, डिसेंबरात कैद्यांच्या अदलाबदलीत सुटका. यावर हसणारे इमोजी टाकून दाखवा.

"उत्पन्नच नाही तर पगार कुठून देणार?" हा प्रश्न अगदी चुकीचा नाही. एनबीएचा, म्हणजे पुरुषांच्या लीगचा, पैसा कैक पटींनी मोठा आहे आणि तेवढे आकडे कुणी मागतही नाही. भांडण वाट्याचं होतं. पुरुषांना लीगच्या उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा बांधून दिलेला, बायकांना २०२० च्या करारात तसा पक्का वाटा नव्हता. २०२४ मध्ये टीव्हीचा नवा सौदा जाहीर झाला, वर्षाला सुमारे २० कोटी डॉलरचा. त्याच वर्षी केटलिन क्लार्क, जिच्यामुळे स्टेडियम भरायला लागली, तिचा पहिल्या वर्षाचा पगार ७६ हजार ५३५ डॉलर.

संघ कसा बांधावा लागायचा तेही बघा. २०२४ ला एका संघाची पगारमर्यादा १४ लाख ६३ हजार २०० डॉलर. ती ओलांडायचीच नाही, दंड भरूनही नाही. दोन मोठ्या खेळाडूंना सर्वोच्च पगार दिला (प्रत्येकी २ लाख ४२ हजारांच्या जरा आत) की मर्यादेतला एक तृतीयांश पैसा संपला. म्हणून कितीतरी संघ बाराऐवजी अकराच खेळाडू ठेवायचे. एक आजारी, एक जखमी, की सरावाला पाच-पाचचे दोन गटही होत नाहीत. ड्राफ्टमध्ये नाव आलं म्हणून गावात पेढे वाटावेत, तर तिसऱ्या फेरीतली मुलगी बहुतेक वेळा ट्रेनिंग कॅम्पमधूनच घरी.

आणि विमान! २०२४ पर्यंत नेहमीच्या प्रवासी विमानातून जा, गुडघे पुढच्या सीटला टेकवून. न्यूयॉर्क लिबर्टीच्या मालकाने २०२१ मध्ये स्वखर्चाने संघासाठी खास विमान (चार्टर) केलं तर लीगने क्लबला पाच लाख डॉलर दंड केला. का, तर बाकीच्या संघांवर अन्याय.

जाऊ दे. फार चिडून लिहितेय. सोप्रॉननंतरची स्टुअर्ट आठवली की बरं वाटतं. २०२० मध्ये फ्लोरिडाच्या बबलमध्ये (कोविडमुळे सगळे संघ एकाच ठिकाणी बंदिस्त ठेवले होते) ती परतली आणि सिॲटलला पुन्हा विजेतेपद, पुन्हा अंतिम मालिकेची सर्वोत्तम. २०२३ ला न्यूयॉर्ककडून पुन्हा लीगची सर्वोत्तम, २०२४ ला त्या क्लबचं पहिलंवहिलं विजेतेपद. (आपल्याकडे पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली. किती जणांना नाव माहीत होतं, हात वर करा.)

सगळ्यात शहाणपणाचं काम स्टुअर्टने कोर्टबाहेर केलं. नफीसा कॉलियर या दुसऱ्या खेळाडूबरोबर अनरायव्हल्ड नावाची लीग काढली. जानेवारी २०२५ पासून मायामीत, तीन विरुद्ध तीन, छोटं कोर्ट, खेळाडूंना मालकीत वाटा, आणि सरासरी पगार २ लाख डॉलरच्या वर. म्हणजे हिवाळ्यात रशिया नको, चीन नको.

पण पहिल्या वर्षी तिथे जागा होत्या ३६. बाकीच्या अजूनही तुर्की, इटली, ऑस्ट्रेलिया धरतात. सोप्रॉननंतर स्टुअर्टला डब्ल्यूएनबीएने ॲम्बेसेडर (लीगची प्रचारदूत) नेमून त्या वर्षाचे पैसे दिले, कारण ती स्टुअर्ट होती. अकराव्या नंबरच्या मुलीची टाच इस्तंबूलमध्ये तुटली तर तिला कोण ॲम्बेसेडर नेमणार?