चौकातला आकडा कमी, म्हणून हवा स्वच्छ नव्हे

भर रहदारीच्या चौकात ओझोन (जमिनीलगत असला तर श्वासाला घातक ठरणारा वायू) कमी दिसतो म्हणून तिथली हवा चांगली, असं एका लेखात म्हटलं आहे; हे अनुमान चुकीचं आहे. गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड तिथल्या तिथे ओझोन खातो आणि स्वतः नायट्रोजन डायऑक्साइड होतो. हीच हवा वाऱ्याबरोबर शहराबाहेर गेली, ताजा धूर मिळेनासा झाला, की उन्हात तो डायऑक्साइड फुटतो. सुटा झालेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो, की झाला ओझोन! त्यात पेट्रोल, रंग, थिनरच्या वाफा असल्या तर नायट्रिक ऑक्साइड ओझोन न खाताच पुन्हा डायऑक्साइड बनतो, आणि ओझोन साठतच जातो.

लॉस एंजेलिस बघा. दुपारचा समुद्रवारा शहराची हवा पूर्वेला ढकलतो, डोंगर ती अडवतात. त्यामुळे ओझोनचा कहर शहरात नाही, शंभरएक किलोमीटरवरच्या सॅन बर्नार्डिनो डोंगरात, क्रेस्टलाइनसारख्या गावात. त्याने तिथल्या पाँडेरोसा पाइन झाडांच्या सुयांसारख्या पानांवर पिवळे ठिपके पडून ती वेळेआधी गळतात.

म्हणून मोजणी वारा जिकडे जातो त्या बाजूला, रस्त्यापासून लांब हवी. २४ तासांच्या सरासरीत दुपारचा चढ बुडून जातो, ८ तासांची बघा. आपल्याकडे तिची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. दमेकऱ्यांनी कष्टाची कामं सकाळी उरकावीत. एन-९५ मास्कचा इथे उपयोग नाही, तो कण अडवतो, वायू नाही.