वसईच्या किल्ल्यात आत्याची चादर

सोलापूरकराला किल्ल्याचे फारसे अप्रूप नसते, कारण सिद्धेश्वर तलावाकाठचा भुईकोट किल्ला सकाळी पाहून तो दुपारच्या जेवणाला घरी पोहोचलेला असतो. वसईच्या तटाआड मात्र एक अख्खे पोर्तुगीज शहर नांदून गेले आहे, आणि आता तिथे छप्पर उडालेली चर्चे, मठ आणि माजलेली झाडी उरली आहे. आत्याला घेऊन मी तिथे मे महिन्यात गेलो. "उन्हाचे आम्हाला सांगू नका," हे प्रत्येक सोलापूरकर समुद्राकाठी उतरताच म्हणतो, तसे मीही म्हणालो. परंतु आमचे ४२ अंशांचे ऊन घाम जागच्या जागी वाळवते, तर वसईचा घाम एकदा आला की मुक्कामालाच राहतो. पोर्तुगीजांनी मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांपुढे शरणागती पत्करली, याचे श्रेय इतिहासकार वेढ्याला आणि सुरुंगांना देतात. त्यात थोडा वाटा हवेलाही द्यावा, असे माझे मत झाले.

ओसाड जागी निदान निवांतपणा लाभेल, ही अपेक्षा सेंट जोसेफ चर्चच्या दारातच संपली. आत एक भावी नवरदेव गुडघा टेकून बसला होता, आणि छायाचित्रकार मला म्हणाला, "काका, जरा फ्रेमच्या बाहेर या." मी डॉमिनिकन चर्चकडे वळलो, तर तिथे दुसरे जोडपे गुलाबी धुरातून धावत येत होते. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई दिल्यावर पोर्तुगीज इथे दोनशे वर्षे राहिले. मला एक कमान पाच मिनिटे मिळेना. घंटा कुठे गेल्या, असे आत्याने विचारले, तेव्हा मराठ्यांनी त्या नेऊन देवळांत बांधल्या आणि त्यांतली एक भीमाशंकरला आहे, हे मी सांगितले. "बरे केले," ती म्हणाली आणि फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीवर सोलापुरी चादर अंथरून तिने कडक भाकरी आणि शेंगाचटणी बाहेर काढली.

चादरीच्या कडेला दगडात कोरलेली अक्षरे दिसली, तसा माझा घास अडकला.

"आत्या, हे थडगे आहे. या फरशीत पोर्तुगीज सरदार पुरलेले आहेत."

"मग चादरच घातलीय ना वरून?" आत्या चटणीवर तेल सोडत म्हणाली. "पुण्यच लागेल. तू जेव."

एवढ्यात तिसरे जोडपे आले. त्यांच्या छायाचित्रकाराची नजर चादरीवर खिळली. असा अस्सल रंग भाड्याच्या कपड्यांत मिळत नाही, असे म्हणून त्याने ती अदबीने मागितली. आत्याने आधी ती कशी धुवावी हे वधूला नीट समजावले, मग दोघांना मेच्या उन्हात खांद्यापर्यंत गुंडाळून कमानीखाली उभे केले आणि मागे वळून मला बजावले, "तू हो बाजूला. मध्ये येतोयस."